उशीवरचा फोन

घरात नव्यानं आलेल्या माणसानं आधी भिंती बघाव्यात आणि मग खिळे ठोकावेत, ही साधी अक्कल शाळेत शिकवतात की नाही हे बाईंना माहीत नव्हतं. त्या स्वतः शाळेत फार टिकल्या नव्हत्या. पण सून अर्धं आयुष्य शाळा-कॉलेजात घालवून आलेली, आणि तरीही तिनं काय केलं? बाई एका सकाळी गुडघे दाखवायला डॉक्टरकडे गेल्या, तेवढ्यात हिनं लॉन्ड्रीतले सगळे जुने फोन भिंतीवरून उपटून एका टोपलीत टाकले. वर त्या टोपलीवर फडकं झाकलं, जसं काही मेलेलं मांजर ठेवलंय.

"आई, रागावू नका," सून म्हणाली. "रागावू नका" म्हणून सुरुवात करणारं माणूस रागावण्यासारखंच काहीतरी करून बसलेलं असतं, हा बाईंचा अनुभव होता. "जुन्या फोनवर खरखर किती यायची, तुम्हीच म्हणायचात ना? परवा हॉस्पिटलवाल्यांनी फोन करून करून कंटाळून सोडून दिलं. चादरींचं काम हातचं जाता जाता राहिलं."

"मी खरखरीला नावं ठेवली. फोनला नव्हती ठेवली."

"आता सगळं इंटरनेटवर. एकच जाळं. काउंटर एकशे एक, धुलाई एकशे दोन, इस्त्री एकशे तीन, आणि वर बाबांची खोली एकशे चार. प्रत्येकाचं आपापलं एक्स्टेन्शन."

"आधी एक, दोन, तीन, चार होते. मध्ये शंभर कशाला घुसले?"

"सिस्टीममध्ये तसंच असतं, आई."

"असू दे. सिस्टीमच्या बापाचं काय जातंय? बोटं माझी झिजणार."

धुलाईतल्या बायका तोंडावर हात ठेवून हसल्या. सून हसली नाही. काउंटरखाली केबलवाल्यानं एक काळी डबी ठोकली होती, तिच्यावर हिरवे दिवे लुकलुकत होते. सून खाली वाकून त्या दिव्यांकडे बघत बसली, तान्ह्या पोराकडे बघावं तशी.

लॉन्ड्री बाईंची आणि त्यांच्या नवऱ्याची. खाली पुढे काउंटर, मागे धुलाईची मशिनं, बाजूला इस्त्रीचा लांबलचक हॉल. वर राहतं घर. मध्ये एक जिना, उभा आणि अरुंद, भांडकुदळ शेजाऱ्यासारखा. नवरा, म्हणजे सगळ्यांचे मालक, धडधाकट होते तेव्हा त्यांचं टेबल इस्त्रीच्या हॉलमध्ये असायचं आणि बाई काउंटरवर. दोघांमध्ये एक भिंत. एवढ्या वर्षांत नवरा-बायको समोरासमोर जितकं बोलले नसतील, तितकं त्या भिंतीतून गेलेल्या तारेवर बोलले होते. फोन वाजायचा. बाई उचलायच्या. पलीकडून एक छोटा श्वास, आणि मग, "ऐकलंस का?"

"बोला."

"माझा चष्मा कुठाय?"

"नाकावर बघा."

"अरे हो."

आणि फोन ठेवायचे. पुन्हा थोड्या वेळानं घंटा. "ऐकलंस का? तो हॉटेलवाला पुन्हा त्याच डागाचे टॉवेल घेऊन आलाय. त्याला म्हणावं, आम्ही धोबी आहोत, जादूगार नाही." बाई वैतागायच्या. गिऱ्हाईक समोर उभं असायचं, पावती अर्धी लिहिलेली असायची. "तुम्हाला दुसरं काही काम नाही का?" असं त्या किती वेळा म्हणाल्या असतील, त्याला हिशेब नाही.

मग त्यांना झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, ऐकतात, समजतं, पण बोलणं येईल का ते सांगता येत नाही. पलंग वरच्या खोलीत लावला. त्यांना न्हाऊ घालून, खाऊ घालून बाई खाली यायच्या, कारण काउंटर सोडला तर लॉन्ड्री बसणार, आणि लॉन्ड्री बसली तर औषधं कुठून यायची? मुलगा दिवसभर गाडी घेऊन कपडे पोचवायला बाहेर. दुपारी एकदा बाईंनी कसाबसा तो जिना चढायचा, एवढीच त्यांच्या गुडघ्यांची ताकद.

तेव्हा बाईंनी एक युक्ती काढली. सकाळी वरून निघताना त्यांच्या उशाजवळच्या फोनवरून काउंटरचा नंबर लावायचा आणि रिसीव्हर त्यांच्या उशीवर, तोंडाजवळ ठेवायचा. खाली काउंटरवर घंटा वाजत राहायची, आणि बाई कठड्याला धरून एकेक पायरी उतरायच्या. ती घंटा कुणी उचलायची नाही, हा लॉन्ड्रीचा कायदा. नवीन बाई कामाला लागली की जुन्या तिला आधी हेच सांगायच्या: ब्लीच डोळ्यात जाऊ देऊ नकोस, आणि पहिली घंटा बाईंची. बाई येऊन रिसीव्हर उचलायच्या आणि पावत्यांच्या पेटीवर, डाव्या कानाशी, आडवा ठेवायच्या. दिवसभर.

का, असं कुणी विचारलं तर उत्तर तयार होतं. "यांना काही लागलं तर कळायला नको?"

ते खरंही होतं, पण पाणी घातलेल्या ताकाइतकंच खरं. खरं कारण बाईंनी कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि सांगण्यासारखं ते नव्हतंच. त्यांना नवऱ्याचा श्वास ऐकू यायचा. खरखरीच्या मागे, बारीक, पण यायचा. आणि दर श्वासाच्या शेवटी घशात काहीतरी अडकल्यासारखं व्हायचं, एक छोटासा हिसका, अगदी "ऐकलंस का" म्हणायच्या आधी यायचा तसा. बाई पावती लिहीत असायच्या, चादरी मोजून घेत असायच्या, गिऱ्हाइकाशी भांडतही असायच्या, आणि डावा कान त्या हिसक्यापाशी जाऊन बसलेला असायचा. आता म्हणतील. आता म्हणतील. म्हणायचे नाहीत. मग पुढचा श्वास.

आता एवढ्या वयाच्या बाईनं, जिला सगळी गल्ली टरकून असते, सुनेसमोर उभं राहून हे सांगायचं?

नव्या फोनचा पहिलाच दिवस उजाडला तो खोड्या घेऊन. बाईंनी वर नंबर लावला, रिसीव्हर उशीवर ठेवला, जिना उतरल्या, आणि खाली पोचेपर्यंत घंटा थांबलेली. उचलून बघतात तर आत कोणी एक बाई गोड आवाजात बोलतेय. आपण कॉल केलेली व्यक्ती सध्या उत्तर देऊ शकत नाही. कृपया आपला निरोप ठेवा.

"ही कोण भवानी?" बाई ओरडल्या.

सून धावत आली. "आई, ते रेकॉर्डिंग आहे. घंटा बराच वेळ कुणी उचलली नाही तर आपोआप निरोप घेतं." तिनं बटणं दाबली, कान लावला. "बघा, निरोप आलाय. पण यात काही नाहीये. नुसती शांतता. पुसून टाकते."

सुनेनं निरोपाचं काम बंद करून ठेवलं, घंटा वाजत राहील असं केलं. एवढं तिनं मुकाट्यानं केलं हे बाईंनी मनात नोंदवलं, तोंडानं नाही.

दुसऱ्या दिवशी फोन लागला. बाईंनी रिसीव्हर पेटीवर ठेवला आणि कामाला लागल्या. थोड्या वेळानं टुक टुक टुक. लाइन सुटलेली. पुन्हा जिना. पुन्हा नंबर. पुन्हा खाली. पुन्हा टुक टुक टुक. दुपारपर्यंत गुडघ्यांनी हात जोडले.

"तुझं इंटरनेट पळपुटं आहे," त्यांनी सुनेला सांगितलं.

सून वर गेली, तिथून खाली फोन लावला. "हॅलो, हॅलो आई, ऐकू येतंय? एक दोन तीन चार." शेजारच्या गल्लीतही ऐकू गेलं असतं. "आज हवा छान आहे ना? मी आता बोलत राहते हं." आणि ती बोलत राहिली, चांगली बराच वेळ, लाइन हू की चू न करता चालू. खाली येऊन म्हणाली, "काही प्रॉब्लेम नाही, आई."

ती बोलली तोवर फोन चालला. बाईंनी रिसीव्हर पेटीवर ठेवला, की टुक टुक टुक.

केबलवाला आला. मोठा माणूस, छोटी पिशवी, बोलणं उंटावरून शेळ्या हाकल्यासारखं. आल्या आल्या त्यानं काळी डबी बंद करून चालू केली, आणि बाईंकडे असं पाहिलं की जणू नाडी सापडली. मग "हॅलो, हॅलो, टेस्टिंग," आणि सगळं उत्तम. मग तो म्हणाला, वायर जुनी आहे. वायर बदलली. टेस्टिंग, उत्तम. मग म्हणाला, वरची खोली लांब पडते, सिग्नल जिन्यात दमतो. "सिग्नलपण दमतो का?" बाईंनी विचारलं, "मग त्याचे गुडघे बघायला हवेत." त्यानं जिन्याच्या वळणावर आणखी एक डबी ठोकली. टेस्टिंग, उत्तम. तो गाडीवर बसून गल्लीच्या तोंडाशी पोचला नसेल, एवढ्यात टुक टुक टुक.

"रोग रेड्याला आणि औषध पखालीला," बाई म्हणाल्या.

"आई, तुम्ही कुठलं बटण तर दाबत नाही ना?" सुनेनं विचारलं.

"मी त्याला बोट लावत नाही. लावलं तर तूच म्हणशील, माझ्यामुळे बिघडलं."

"मग असं करूया का, बाबांच्या डाव्या हाताशी एक बेल देऊया. काही हवं असलं की दाबतील, इथे वाजेल. नाहीतर छोटा कॅमेरा लावू, तुम्हाला मोबाइलवर दिसतील."

"ते काय सोन्याचं दुकान आहेत, कॅमेरा लावायला?"

"अहो, पण तुम्हाला लक्षच ठेवायचं असेल तर—"

"मला फोन हवाय. जसा होता तसा."

सुनेच्या कपाळावर आठी पडली. ती बिचारी रोज आपल्या कामातून वेळ काढून या फोनशी झगडत होती, आणि सासूच्या तोंडून एक धड शब्द मिळत नव्हता. शेवटी तिनं सरळ विचारलं, "आई, तुम्ही फोनवर बोलता तरी काय एवढं? बाबा तर..." आणि तिथेच थांबली.

खरं सांगायची ती वेळ होती. बाईंच्या ओठापर्यंत आलंही होतं. पण इस्त्रीच्या हॉलच्या दारात दोघी-तिघी उभ्या होत्या, आणि बाईंना आपलं नाक फार प्रिय.

"नवरा-बायको काय बोलतात, हे विचारायची रीत आहे का तुमच्याकडे?" त्या म्हणाल्या. "बोलतो आम्ही. पुष्कळ बोलतो."

सून लाल झाली आणि निघून गेली. संध्याकाळपर्यंत लॅपटॉप मांडीवर घेऊन काउंटरमागे खाली जमिनीवर बसली होती, काळ्या डबीशेजारी. गिऱ्हाइकं वरून विचारत होती, खाली कोण आहे? बाई म्हणत होत्या, इंजिनियर. तोंड वाकडं करून म्हणत होत्या, पण म्हणत होत्या.

"आई," अखेर ती खालून म्हणाली, अगदी हळू, फक्त बाईंना ऐकू जाईल असं. "इथे प्रत्येक कॉलची नोंद असते. लाइन तुटत नाहीये. दोन्हीकडून कुणीच बोलत नसलं, की थोडा वेळ वाट बघून सिस्टीम स्वतःच फोन ठेवते. तिला वाटतं, माणसं निघून गेली."

"तुझी सिस्टीम खोटारडी आहे."

सून सासूकडे बघत राहिली, जरा जास्तच वेळ. मग मान खाली घालून काहीतरी बदललं. "उद्या बघा. आता कितीही वेळ गप्प राहिलात तरी ठेवणार नाही."

आणि खरंच, सकाळी लाइन टिकली. बाईंनी रिसीव्हर पेटीवर ठेवला, दोन गिऱ्हाइकांचे कपडे घेतले, टुक टुक झालं नाही. बाईंच्या जिवाला बरं वाटलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि डावा कान रिसीव्हरजवळ नेला.

काहीच नाही.

कान चिकटवला. काहीच नाही. जुन्या फोनवर निदान खरखर असायची, त्या खरखरीत माणूस असल्यासारखं वाटायचं. इथे कोरडी विहीर. बाईंना वाटलं, मशिनांच्या आवाजात ऐकू येत नसेल. "मशिनं बंद करा!" त्या ओरडल्या. मशिनं थांबली. ड्रममधलं पाणी एकदा हेलकावलं आणि बसलं. इस्त्रीवाल्यांनी इस्त्र्या उभ्या केल्या. सगळी लॉन्ड्री बाईंकडे बघत उभी राहिली, आणि बाई एका काळ्या रिसीव्हरला कान लावून, एक हात हवेत उंच धरून. श्वास नव्हता. हिसका नव्हता. पलीकडे कुणी नव्हतंच.

त्या जिना चढल्या. गुडघ्यांना विचारलं नाही, कठडा धरला की नाही आठवत नाही. गल्ल्याचा खण उघडा, समोर गिऱ्हाईक तसंच उभं. जिन्याच्या वळणावर ती नवी डबी हिरवी लुकलुकत होती, तिला खांदा लागून ती वाकडी झाली. मनात एकच होतं, की एवढे दिवस मी ऐकत होते आणि नेमकं आज मी खाली बसून चादरी मोजत होते.

दार ढकललं.

ते पलंगावर होते. उशीवर डोकं, डोकंभर विस्कटलेले केस, डोळे उघडे, छातीवर पांघरूण वर-खाली होतंय. रिसीव्हर गालाला टेकलेला. श्वास खोलीभर ऐकू येत होता, बारीक, शेवटी तो हिसका, अगदी नीट. बाई दाराला धरून उभ्या राहिल्या. त्यांनी बाईंकडे पाहिलं, आणि डावी भुवई जरा वर गेली, "आता काय झालं?" असं विचारायची त्यांची जुनी रीत.

"तुम्ही श्वास घेताय," बाई धापा टाकत म्हणाल्या, "आणि मला ऐकू येत नाही, याला काय अर्थ आहे?"

मागून जिन्यावर पळत पावलं आली. सून. "आई! काय झालं? बाबा ठीक आहेत ना?"

बाई पलंगाच्या कडेला बसल्या. आता इस्त्रीच्या हॉलमधलं कुणी दारात नव्हतं, पण असतं तरी चाललं असतं.

"आम्ही बोलत नाही," त्या म्हणाल्या. "मी खोटं सांगितलं. हे बोलतच नाहीत तर बोलणार काय? मी यांचा श्वास ऐकते. दिवसभर. हा बघ, शेवटी असा अडकतो ना, ऐक... हा. हे बोलायला लागायचे तेव्हा आधी अस्साच यायचा. मला वाटतं, एखाद्या दिवशी याच्यामागून शब्द येईल. आणि मी तेव्हा खाली पावत्या लिहीत असेन, आणि मला कळणारही नाही. बेल काय करू मी? कॅमेरा काय करू? आज ते तुझं यंत्र मला म्हणालं की पलीकडे कुणी नाही."

सुनेनं रिसीव्हर उचलला, स्वतःच्या कानाला लावला, मग मोबाइलवरून काउंटरचा फोन कुणाला तरी उचलायला सांगितलं आणि तिथे काय ऐकू येतंय ते विचारलं. मग बसली खाली, पलंगाच्या पायाशी, लॅपटॉप उघडून. बराच वेळ टकटक. मध्येच थांबली.

"आई," ती म्हणाली, "हा फोन आवाज चाळतो. बोलणं तेवढं ठेवतो, आणि बाकीचं, पंखा, मशिनं, खरखर, ते सगळं नको असलेलं म्हणून टाकून देतो. आवाज स्वच्छ यावा म्हणून. मीच चालू केलं होतं ते. मला वाटलं, तुम्हाला बरं पडेल." तिनं पलंगाकडे पाहिलं. "बाबांचा श्वास तो टाकून देत होता."

"कचरा म्हणून?"

"हो."

बाईंनी नवऱ्याच्या कपाळावरचे केस मागे सारले. बाईंनी आता रागावायला हवं होतं, पण रागावता येईना.

"मग त्याला सांग, हे नवरा आहेत माझे," त्या म्हणाल्या. "कचरा नाहीत."

"सांगते," सून म्हणाली, आणि कॉलरनं नाक पुसलं. "झालं. चाळणी काढून टाकली. तुम्ही खाली जाऊन बघता? की मी जाऊ?"

"मीच जाते. माझ्याशिवाय कुणाला ओळखू येणार?"

"मग मी इथे थांबते. काही बोलणार नाही."

"बोललीस तर खाली कळेल मला."

जिना उतरायला बाईंना नेहमीपेक्षा वेळ लागला. वळणावरची वाकडी डबी त्यांनी सरळ केली. खाली सगळे जिथल्या तिथे उभे होते, मशिनंही बंदच, बाईंनी सांगितल्याशिवाय चालू करायची कुणाची टाप? समोरचं गिऱ्हाईक अजून कपड्यांचं बोचकं छातीशी धरून होतं. बाई खुर्चीत बसल्या. रिसीव्हर उचलला.

आधी घड्याळाची टिकटिक आली. वरच्या खोलीतलं घड्याळ. ते एवढं मोठ्यानं वाजतं हे त्यांना माहीतच नव्हतं. मग पांघरुणाची सळसळ. आणि मग तो. आत जाणारा, थोडा घासत, बाहेर येणारा, लांब, आणि टोकाला तो हिसका. इतका जवळ की कानाला ऊब लागल्यासारखं वाटलं. जुन्या तारेवर एवढा जवळ कधीच आला नव्हता. बाईंनी डोळे मिटले. हिसक्यानंतरची ती पोकळ जागा आली, जिथे शब्द यायचा, आणि त्या थांबल्या. नाही आला. पुढचा श्वास. बाई पुन्हा थांबल्या.

मग त्यांना दुसरंही काहीतरी ऐकू आलं. उशीजवळच, दबलेलं, ओलं, नाकातून वर ओढलेलं. सून तोंड दाबून रडत होती, आणि रिसीव्हरला चिकटून बसली होती.

बाईंनी बायकांकडे हात केला. "मशिनं लावा. काय तमाशा चाललाय का इथे?" ड्रम घरघरायला लागले, इस्त्र्या फुसफुसल्या, आणि त्या गोंगाटात कुणाला काही ऐकू जाणार नाही हे पाहून बाईंनी रिसीव्हर तोंडाशी आणला आणि वर बसलेल्या सुनेला स्पष्ट शब्दांत सांगितलं:

"अगं ए, ऐक. हुशार आहेस तू, ते मी चारचौघांतही म्हणेन, पण तुझ्यासमोर पुन्हा म्हणणार नाही. तुझी खोट एकच. तुला वाटतं, बोललं म्हणजे लाइन चालू. माणसं काय नुसती बोलायलाच फोन धरतात का? यापुढे या घरात काहीही तपासायचं तर आधी गप्प बसून तपासायचं. आणि आता जरा लांब सरक. तुझा श्वास मध्ये येतोय."